तार आहे, पण संवाद नाही!

उरणकराला कागदाची किंमत शिकवावी लागत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि जिथे भात डोलत होते, जिथे आगरात मीठ पिकत होते, तिथल्या कितीतरी जमिनी सरकारी दप्तरात गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन पेटले त्यात पाच जणांनी प्राण दिले; साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून पदरात पडला. जमीन गेली, कागद उरला! म्हणून आमच्याकडे घरोघरी एक पेटी असते. तिच्यात सात-बारा, फेरफार आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला, देवघरातल्या पोथीइतक्याच जपून ठेवलेले.

आता डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळतो. साहजिकच घरात छापणारे यंत्रही आले. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा छापखाना म्हणजे नवलाची गोष्ट होती. आज तो टेबलाच्या कोपऱ्यात बसतो. पण हा घरचा छापखाना मोठा लहरी! एरवी लग्नपत्रिका छापील, पोरांची चित्रे छापील. आणि नेमका सुनावणीच्या आदल्या रात्री मौन धरील.

अशाच एका रात्री आमच्या आळीतले एक वृद्ध शेजारी दारात आले. “सर, उद्या सकाळी तारीख आहे. कागद मोबाइलमध्ये आहे, पण पोराचं ते यंत्र काही हलत नाही. पोरगा बोटीवर.” यंत्राची तार जागच्या जागी होती. बिनतारी जोडणीच्या भानगडी नकोत म्हणून मुलाने मुद्दाम तार टाकून दिली होती. तार होती, संवाद तेवढा नव्हता.

या तारेला म्हणतात ‘ईथरनेट’. नावाची कथा मौजेची आहे. प्रकाशाच्या लहरी ‘ईथर’ नावाच्या अदृश्य द्रव्यातून धावतात, असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानीत. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांनी त्याचा शोध घेतला आणि ते काही सापडले नाही! पुढे १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी यंत्रायंत्रांना जोडणारी पद्धत काढली आणि तिला त्याच बेपत्ता द्रव्याचे नाव दिले. आजच्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनांच्या चार जोड्या, सुंभासारख्या पिळलेल्या. बाहेरच्या विजेचा उपद्रव त्या पिळाने कमी होतो. ही युक्ती ग्रॅहॅम बेलने १८८१ सालीच टेलिफोनसाठी काढली होती. अशी एक तार शंभर मीटरपर्यंत नेता येते. म्हणजे घरातल्या घरात अंतराची तक्रार नसावी.

तेव्हा दोष शोधायचा तो वैद्याच्या रीतीने, नाडीपासून. तार खोचतात तिथे, यंत्राच्या आणि राउटरच्या खाचेपाशी, बहुधा बारीक दिवे असतात. दिवा अजिबात लागत नसेल तर दोष तारेत, टोकात किंवा खाचेत. टोक काढून ‘टिक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावे, राउटरची दुसरी खाच पाहावी, दुसरी तार लावून बघावी. आमच्या खाऱ्या, दमट हवेत टोकातले धातूचे दात कळकतात, आणि उंदरांची कृपा असतेच. आमच्याच तालुक्यातल्या घारापुरीला समुद्राखालून विजेची तार पोचली ती २०१८ साली; तोवर संध्याकाळचे काही तास जनित्रावर दिवे लागत. तारेवाचून काय अडते ते बेटावरच्यांना विचारावे!

शेजाऱ्यांच्या घरी दिवा मात्र छान लुकलुकत होता. म्हणजे तार शाबूत. मग पाहायचा पत्ता. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक अंकांचा पत्ता देतो. घरगुती पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. यंत्राच्याच बटणांवरून जोडणीच्या माहितीचे पान छापता येते. त्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजावे की यंत्राने पत्ता मागितला, उत्तर आले नाही, आणि बिचाऱ्याने आपला आपणच एक घेतला. वीज जाऊन आली की असे घडते: छापयंत्र आधी जागे होते, राउटर मागाहून डोळे चोळीत उठतो. अशा वेळी राउटर पुरता सुरू झाल्यावर छापयंत्र बंद करून पुन्हा लावावे.

पण त्या रात्रीचे पान निराळे बोलले. पत्ता १९२.१६८ चाच होता, फक्त शेवटचा आकडा बदलला होता. संध्याकाळी वीज गेली होती. परत आल्यावर राउटरने नवा पत्ता दिला. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद धाडीत राहिला. भाडेकरू बिऱ्हाड हलवून गेला आणि पोस्टमन जुन्याच दाराची कडी वाजवतो आहे, तसे! संगणकावरून नव्या पत्त्याला ‘पिंग’ केले, म्हणजे हाक मारली. (हे नाव पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून माइक मूस यांनी १९८३ साली ठेवले.) ओ आली. मग संगणकातील छापयंत्राच्या ‘पोर्ट’ या सदरात नवा पत्ता घातला, रांगेत अडकलेले जुने कागद रद्द केले, आणि यंत्र घरघरले.

हाकेला ओ आली नसती, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागल्या असत्या: संगणक पाहुण्यांसाठीच्या निराळ्या जोडणीवर तर नाही ना, आणि घरात दुसरा राउटर बसवून दोन सुभे तर झाले नाहीत ना. काही यंत्रांत तार आणि बिनतारी यांपैकी एकच वाट एका वेळी चालते, तेही तपासावे.

कायमचा उपाय सोपा आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच बारा अंक-अक्षरांची एक जन्मखूण मिळते. राउटरला ती सांगून यंत्राचा पत्ता राखून ठेवावा. मग वीज शंभरदा जावो, पत्ता ढळत नाही. तो आकडा कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवावा. यंत्र जोडणारा पोरगा सदा घरी असतोच असे नाही.

सात-बारा हाती घेऊन शेजाऱ्यांनी आधी आपले नाव वाचले, मग गट नंबर, मग पुन्हा नाव. ज्या कागदासाठी एका पिढीने रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या, तो चार हात तारेपायी अडू नये, एवढ्यासाठी हा सारा प्रपंच.