आधी माप, मग वेल्डिंग

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. महिंद्राच्या सीजे ३बीमध्ये तो ट्रान्स्फर केसच्या मागे, जिथून प्रॉपेलर शाफ्ट निघतो तिथल्या एका छोट्या ड्रमवर असतो. हँडब्रेक ओढला की शाफ्ट अडतो आणि शाफ्टमुळे मागची चाकं अडतात. शाफ्ट उतरवला की हँडब्रेक कितीही ओढा, मागची चाकं मोकळी. मागचा एक्सल काढायला बसणाऱ्याला हे सगळ्यात आधी ठाऊक हवं. अहिल्यानगरच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी पाना उचलण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावले, लाथ मारून ते पक्के बसलेत का पाहिलं आणि मगच हाताखालच्या पोराला गाडीखाली जाऊ दिलं.

जीप अकोले तालुक्यातली, राजूरच्या बाजूची. मालक तिशीतला. जीप त्याच्या वडिलांची. भंडारदऱ्याहून रतनवाडी, साम्रद, घाटघर या बाजूला माणसं आणि सामान न्यायचं, मे-जूनमध्ये काजवे बघायला येणाऱ्यांना फिरवायचं, असं तिचं काम. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात ते तिथल्या पावसामुळे, आणि त्या पावसात मुख्य रस्ता सोडला की वाट म्हणजे दगड, लाल चिखल आणि मधूनमधून ओढे. मुंबईत १९४७च्या सुमारास महिंद्रांनी विलीस जीप जोडायला सुरुवात केली. सीजे ३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढीच वर्षं निघाली, आपल्याकडे मात्र तिचा वंश पुढे कित्येक दशकं चालू राहिला. त्यामुळे या गाड्यांचे सुटे भाग आजही मिळतात आणि त्या जोडणारे हातही. निदान या शहरात तरी. चिलखती दलाचं केंद्र आणि वाहन संशोधनाची व्हीआरडीई इथंच आहेत. या मिस्त्रींचे वडील भिंगारच्या छावणीत वर्कशॉपला होते.

दुखणं दोन ठिकाणी होतं. एक, मागचे पाटे बसले होते. कमान उरलीच नव्हती, पाच माणसं बसली की एक्सल रबरी ठोकळ्याला जाऊन टेकायचा. दुसरं जास्त धोक्याचं. या जीपच्या मागच्या एक्सलमध्ये चाकाचा हब आणि शाफ्ट हे दोन वेगळे भाग असतात. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब बसतो, मध्ये एक लहानशी चावी आणि बाहेरून मोठा नट. नट जरा ढिला राहिला की सगळा जोर त्या चावीवर येतो. चावी कापली जाते, नाहीतर चावीच्या खाचेपाशी शाफ्टच तडकतो. एक चाक दगडात अडकलेलं आणि इंजिन नेट लावतंय अशा वेळी तो तुटतो, म्हणजे नेमका चढावर. मालकाच्या गाडीचा डावा हब हाताने हलवला तरी टकटक वाजत होता. उपाय ठरला तो असा: ज्याचा शाफ्ट आणि चाकाची तबकडी एकाच तुकड्यात घडवलेली असते, तसा एक्सल बसवायचा आणि त्यासोबत पाटे, बुश, शॅकल सगळं नवं.

तसा एक एक्सल भंगारवाल्याकडे मिळालाही, पण मिस्त्रींनी तो परत पाठवला. कारण समजून घेण्यासारखं आहे. फोर-व्हीलमध्ये टाकली की या जीपचे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, मध्ये फरक सांभाळणारं काही नसतं. पुढच्या एक्सलमध्ये क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. मागे दुसऱ्या हिशोबाचा एक्सल बसवला तर पुढचं चाक एक वेग मागणार आणि मागचं दुसरा. चिखलात टायर घसरून वेळ निभावते. डांबरावर किंवा कातळावर मात्र तो ताण कुठेतरी निघतोच, मग जॉइंटचा क्रॉस जातो, नाहीतर गिअरचा दात.

हे तपासायची त्यांची रीत मला फार आवडली. दुसरा एक्सल मिळाला तो ठोकळ्यांवर ठेवला. एका बाजूची तबकडी पोराने घट्ट धरली. दुसऱ्या बाजूची मिस्त्रींनी बरोब्बर दोन फेरे फिरवली आणि पिनियनवर खडूने केलेली खूण किती वेळा वर आली ते मोजलं. एक बाजू धरून ठेवली की डिफरन्शियल दुसऱ्या बाजूची गती निम्मी करून देतो, म्हणून दोन फेरे. पाच पूर्ण आणि सहाव्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भरला, तेव्हाच तो एक्सल पसंत पडला. झाकण उघडून दात मोजले ते त्यानंतर, खात्रीसाठी.

जुना भाग उतरवणं हे खरं तर ताकदीचं काम, त्यात सांगण्यासारखं थोडंच. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात हे न कळल्यामुळे कितीतरी जीपचे स्टड तुटलेले आहेत. यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते गॅस कटरने कापले. यू-बोल्ट एकदा ताणला की तो पुन्हा वापरायचा नाही, असा मिस्त्रींचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. घोडे लावले ते चॅसीखाली. एक्सलखाली लावले असते तर एक्सल निघालाच नसता.

खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि ते जवळजवळ सगळं मोजण्याचं होतं. जुना एक्सल निघण्याआधीच मिस्त्रींनी चॅसीच्या दोन्ही बाजूंवरून ओळंबे सोडून फरशीवर खडूच्या खुणा केल्या होत्या. या जीपची पुढची-मागची चाकं ८० इंचांवर. एवढ्या आखूड गाडीत मागचा एक्सल एका बाजूला अर्धा इंच जरी मागे राहिला तरी गाडी तिरकी चालते.

नव्या एक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका चुकीच्या जागी होत्या, म्हणून त्या ग्राइंडरने काढून टाकल्या. नव्या बैठका मात्र लगेच वेल्ड केल्या नाहीत. त्या नुसत्या ठेवल्या, पाटे बसवले, यू-बोल्ट हाताने आवळले, चाकं लावली आणि गाडी जमिनीवर सोडली. गाडीचा भार पाट्यांवर आला, पाटे आपल्या जागी बसले, शॅकल कलले. मग मिस्त्री पाठीवर झोपून खाली गेले आणि पिनियनच्या तोंडावर कोनमापक धरला. ट्रान्स्फर केसचं तोंड आणि पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर हवं, नाहीतर शाफ्ट फिरताना दोन्ही जॉइंट एकमेकांचा झटका पुसून टाकत नाहीत आणि गाडी वेगात थरथरते. त्यातही त्यांनी पिनियन किंचित खाली ठेवला. जोर लागला की एक्सल पाट्यांना पीळ देऊन पिनियन वर उचलतो, तेव्हा तो नेमका सरळ यावा म्हणून. एवढं जमल्यावर बैठकांना फक्त टाके मारले, एक्सल पुन्हा खाली घेतला, दोन्ही शाफ्ट आणि सील बाहेर काढले आणि मगच पुरतं वेल्डिंग. तेही एका बाजूला बोटभर, मग दुसऱ्या बाजूला बोटभर, मध्ये थंड होऊ देत. एका दमात वेल्ड ओढलं की नळी वाकते आणि वाकलेल्या नळीत नवं बेअरिंग टिकत नाही. अर्थिंगचा चिमटा हौसिंगलाच, वेल्डच्या जवळ लावलेला, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाऊ नये.

मालकाला गाडी उंच हवी होती.

“मामा, पाटे एक्सलच्या वर घ्या ना. चार-पाच इंच उचलंल. पोरं तशाच करत्यात.”

“पोरांच्या गाड्या रविवारी निघत्यात बाळा. तुझ्या गाडीत माणसं बसत्यात.”

मिस्त्रींनी पुढे जे सांगितलं ते आकड्यांचं होतं. गाडी आखूड म्हणून मागचा शाफ्टही आखूड. आखूड शाफ्टचं एक टोक चार इंच उचललं की त्याचा कोन झपाट्याने वाढतो आणि क्रॉस खाल्ले जातात. शिवाय घाटात आडव्या उतारावर भार वर गेलेली गाडी आधी कलते. मला त्यांचं म्हणणं पूर्णपणे पटतं. ओबडधोबड वाटेवर उंचीपेक्षा चाक जमिनीला टेकून राहणं महत्त्वाचं असतं, आणि त्यासाठी पाटे नरम हवेत, बुश मोकळे हवेत. नवे पाटे त्यांनी मूळ मापाचेच घेतले, पानांच्या मध्ये ग्रीस भरलं. कायद्याचा भागही आहेच. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ बनावटीहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला खासगी नोंदणीची गाडी तपासणीला न्यावी लागते.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची एक चिलखती गाडी आहे. पहिल्या महायुद्धात सिल्व्हर घोस्टच्या चॅसीवर पोलादी कवच चढवलं गेलं, तेव्हा पाटे भक्कम करावे लागले आणि मागे जोडचाकं द्यावी लागली. वर काहीही करा, त्याचा हिशोब खाली चुकवावा लागतो हे इतकं उघडं मला दुसऱ्या कुठल्या गाडीत दिसलेलं नाही. जीपवर टपाचा कॅरिअर चढवणाऱ्यांनी ती जाऊन पाहावी.

शेवटची जुळवाजुळव ब्रेकची. एक्सल पूर्ण लोंबल्यावर रबरी नळी ताणली जात नाही ना, हे जॅक लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं. या जीपला ब्रेकचा एकच मार्ग आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, त्यामुळे मागची जुनी लोखंडी नळीही बदलली. प्रॉपेलर शाफ्ट लेथवर आखूड करून बॅलन्स केला. सरकत्या जोडाला आत-बाहेर दोन्हीकडे जागा उरते ना, हे पाटे दाबून आणि लोंबवून मोजलं.

एक गोष्ट मात्र खास अकोल्यासाठी केली. एक्सलच्या हवेच्या छिद्राला रबरी नळी जोडून ती वर टपापर्यंत नेली. चढ चढून तापलेला एक्सल थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि छिद्रातून, सीलमधून पाणी ओढून घेते. मग ९० नंबरचं तेल दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजतात. नळीचं तोंड पाण्याच्या वर राहिलं की आत जाते ती फक्त हवा.

चाचणीला शहराबाहेरच्या एका खडी-मुरुमाच्या ढिगावर एक मागचं चाक चढवलं. दुसरं जमिनीवरच राहिलं, नळी ताणली नाही, शाफ्ट कुठे घासला नाही. परत आल्यावर मिस्त्रींनी यू-बोल्ट पुन्हा आवळले, प्रत्येक नट थोडा फिरलाच. मालकाला त्यांनी बजावलं: राजूरला पोचल्यावर आधी हेच चार बोल्ट बघ, पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळ, आणि पावसाळा संपला की तेलाचा बूच उघडून रंग पाहा. दुधाळ दिसलं तर गाडी न चालवता फोन कर.