शनीची कडी झिजताहेत, ती कशामुळे?

शनीभोवतीची कडी कायमची आहेत, असाच अनेकांचा समज असतो. ‘नासा’च्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशेब वेगळे सांगतो. कड्यांतले पाणी शनीवर सतत ‘पावसा’सारखे पडत आहे. ऑलिम्पिकचा जलतरण तलाव अर्ध्या तासात भरेल, एवढे! केवळ या पावसानेच कडी साधारण ३० कोटी वर्षांत संपतील.

पण कक्षेत फिरणारी वस्तू खाली पडतेच का?

कडी म्हणजे सलग तबकडी नव्हे. घराएवढ्या बर्फाच्या ढेकळांपासून धुरासारख्या बारीक कणांपर्यंत सारे त्यात आहे. ढेकळाचे गणित सोपे: शनीचे गुरुत्वाकर्षण आत ओढते, ढेकूळ वेगाने पुढे पळते, त्यातून कक्षा बनते. आतले ढेकूळ वेगाने फिरते, बाहेरचे संथ.

बारीक कणाला मात्र दोन धनी असतात. सूर्याची अतिनील किरणे त्याच्यातले इलेक्ट्रॉन उडवतात, भोवतालच्या प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन त्याला चिकटतात. कण विद्युतभारित होतो आणि शनीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तावडीत सापडतो. कणाचा व्यास दहापट कमी केला, तर वस्तुमान हजारपट घटते. विद्युतभार मात्र साधारण दहापटच. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत विद्युतचुंबकीय बलाचा जोर शंभरपट वाढतो. ढेकळाला जे बल जाणवतही नाही, ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाची वाट बदलते.

याची झलक ‘व्हॉयेजर-१’ने १९८० मध्येच दाखवली होती. कड्यांवर सायकलच्या चाकासारखे आरे दिसले! निव्वळ गुरुत्वाकर्षण असते, तर आतले कण पुढे पळून हे आरे बघता बघता विस्कटले असते. भारित धूळ कड्यांच्या किंचित वर उचलली जाते आणि साडेदहा-पावणेअकरा तासांत एक फेरी मारणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची तिच्यावर पकड असते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पावसाचे मूळही तेच. अतिनील किरणांनी किंवा सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने भारित झालेले कण चुंबकीय रेषांना बांधले जातात. मग तोल सुटतो आणि गुरुत्वाकर्षण त्यांना याच रेषांवरून, घसरगुंडीवरून यावे तसे, शनीच्या वातावरणात उतरवते. तिथे पाण्यामुळे होणाऱ्या बदलाची अवरक्त चमक हवाईतील केक दुर्बिणीने २०११ मध्ये टिपली.

‘कॅसिनी’ यानाने २०१७ मध्ये, शनीवर कोसळण्यापूर्वी, विषुववृत्तालगत पडणारा आणखी माल मोजला. तो धरल्यास कड्यांचे उरलेले आयुष्य १० कोटी वर्षांच्याही आत येते.