टाकळ्याचे मोल

मृगाच्या सरी कोसळल्या की रस्त्याच्या कडेला, पडक्या कुंपणाशी, गायरानात टाकळा उगवतो. त्याला कोणी पेरीत नाही. कोवळा असताना त्याची भाजी होते; पुढे पिवळी फुले येऊन लांब शेंगा धरल्या की जनावरेही त्याच्या वाटेस जात नाहीत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही निःशुल्क वस्तू होय.

आयुर्वेदाने मात्र तिची दखल घेतली. टाकळ्यास चक्रमर्द आणि दद्रुघ्न अशी नावे आहेत. दद्रु म्हणजे गजकर्ण. खेड्यापाड्यांतील उपचारही या नावास धरूनच आहे: टाकळ्याचे बी आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लेप द्यावयाचा. या बियांत क्रायसोफॅनॉल हे द्रव्य असते. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर नावाजलेली ‘गोवा पावडर’ ब्राझीलमधील एका वृक्षापासून निघे. तिच्यातील गुणकारी द्रव्येही याच जातकुळीची. दाराशी उगवणाऱ्या टाकळ्यास तशी पेठ लाभली नाही.

पेठ लाभली ती निराळ्याच गुणाला. बियांतील डिंकासारखा अंश डबाबंद खाद्यास घट्टपणा आणतो. पाळीव कुत्र्यामांजरांच्या खाद्यात तो वापरतात. बी गोळा करणारी बाई ते वजनावर विकते. शेंग केव्हा तोडावी, बी कशात वाटावे, हे तिला ठाऊक असते. पण त्या भावात या ज्ञानाचा एक पैसाही धरलेला नसतो.

दरम्यान गजकर्णच बदलले. स्टेरॉइडमिश्रित मलमे दुकानात सहज मिळू लागली. त्यांनी खाज चटकन थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार इशारे दिल्यावर २०१८ साली अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक ठरली. चिठ्ठी कितीजण मागतात, हे कोणत्याही औषधाच्या दुकानात उभे राहिल्यास दिसते.

म्हणून टाकळ्याचा जयजयकार करणे हा उतावळेपणा होईल. प्रयोगशाळेत बुरशी रोखणे वेगळे आणि रुग्णाच्या कातडीवर गुण येणे वेगळे. पण ही कसोटी लावणार कोण? सर्वांस ठाऊक असलेल्या उपचारावर एकाधिकार मिळत नाही. एकाधिकार नाही तिथे भांडवल फिरकत नाही. हा खर्च सार्वजनिक निधीतूनच व्हावयास हवा, आणि वैद्यकीय महाविद्यालयांना तो झेपण्याजोगा आहे. तोवर गजकर्णाच्या रुग्णाने त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे. तालुक्याच्या गावी तो भेटतो की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.