सापसुरळी ओळखावी कशी?

चैत्र महिना. पहाटेच माणसे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला रानात जातात. मोहाखाली वाळका पाला पडलेला असतो. तेवढ्यात पाला सळसळतो. काहीतरी तपकिरी, चकचकीत झर्रकन पळते. "अरे बापा, साप!" कुणीतरी ओरडते. काठी उठते. दोन रट्ट्यांत जीव जातो. मग जवळ जाऊन पाहावे, तर त्याला चार पाय!

तो साप नव्हताच. ती होती सापसुरळी. कुणी तिला सापाची मावशी म्हणतात. पण ती सापाची कुणी मावशी नाही. ती पाल, सरडा, घोरपड यांच्या नात्यातली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाच्या आणि बांबूच्या रानात ती राहते. धानाच्या धुऱ्यावर राहते. घरामागच्या लाकडांच्या ढिगातही राहते.

तिला विष नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. "तिचे शेपूट लागले की माणूस वाचत नाही," असे मी लहानपणी ऐकले. आजही ऐकतो. ते खोटे आहे. आपल्या देशातल्या पाली, सरडे, घोरपडी, सापसुरळ्या, यांपैकी एकीलाही विष नाही. हातात दाबून धरली तर भीतीने चावेल, एवढेच.

आता ओळख पाहू. पहिली खूण पायांची. पण पळताना ती पाय अंगाशी घेते आणि वळवळत जाते. एका जातीचे पाय तर फारच आखूड असतात. तिच्या पिल्लाची शेपटी लाल असते. ते पाहून लोक जास्तच घाबरतात. म्हणून घाई करू नका. ती थोडे पळून थांबते. थांबली की दुरूनच नीट पाहा.

दुसरी खूण डोळ्यांची. सापसुरळी पापणी मिटते. सापाला हलणारी पापणीच नसते. तिसरी खूण कानाची. तिच्या डोळ्यामागे कानाचे बारीक भोक दिसते. सापाला ते नसते. केवळ चमकेवर मात्र जाऊ नका. मण्यारही काळी चकचकीत असते, आणि ती जहाल विषारी आहे.

शाळेत मुले मला विचारीत, "गुरुजी, सापाला पाय फुटतात का?" नाही फुटत बाबांनो! पण प्रश्न चांगला होता.

कुत्र्याने किंवा कावळ्याने धरले, तर सापसुरळी आपली शेपटी तोडून टाकते. तुटलेली शेपटी बराच वेळ तडफडत राहते. शत्रू तिच्याकडे पाहत बसतो आणि सापसुरळी निसटते. पुढे नवी शेपटी येते. तिचा रंग थोडा वेगळा असतो, आणि आत हाड नसते.

तिला पाहायचे असेल तर सकाळी उन्हे चढू लागली की जा. तेव्हा ती ऊन खायला दगडावर येते. ओंडक्याखाली हात घालू नका. तिथेच मण्यार, घोणस किंवा विंचू बसलेला असू शकतो. ओंडका हलवायचाच असेल तर काठीने पलीकडची कड आपल्याकडे उचला. म्हणजे ओंडका आपल्या आणि जनावराच्या मध्ये राहतो. पाहून झाले की तो हळूच जागच्या जागी ठेवा. आणि साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा.

पुस्तकात कधी सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याचे चित्र दिसते. तोही पालीसारखाच दिसतो. पण तो बेडकाच्या नात्यातला. त्याचे अंग ओलसर असते. अंगावर खवले नसतात, बोटांना नखे नसतात. त्याची पिल्ले बेडकाच्या पिल्लांसारखी पाण्यात वाढतात. आपल्या देशात तो दार्जिलिंगच्या पहाडात सापडतो. तिथल्या जातीला २०१५ साली शास्त्रज्ञांनी वेगळे नाव दिले. आपल्या महाराष्ट्रात तो नाही. इकडे कुणी "सॅलॅमँडर पाहिला" म्हणाला, तर त्याला नखे होती का ते विचारा. अंग कोरडे, खवल्यांचे आणि बोटांना नखे, तर ती पाल किंवा सापसुरळी.

सापसुरळी झुरळे, नाकतोडे, अळ्या, किडे खाते. त्यात तुमच्या धानावरचेही आले. म्हणून मोहाखालचा पाला पेटवू नका. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून लोक पाला जाळतात. मग वारा सुटतो आणि वणवा साऱ्या जंगलात जातो. पाल्याखालचे जीव पळणार कुठे? त्यापेक्षा झाडाखालचा पाला झाडून बाजूला करा, किंवा खाली जाळी अंथरा. फुले जाळीतच पडतात आणि त्यांना माती लागत नाही.

सापसुरळी भुसभुशीत मातीत अंडी घालते. खणताना पांढरी, लांबट, बोटाच्या पेरापेक्षा लहान अंडी दिसली, तर ती हलवू नका. वरची माती परत लोटून द्या आणि कुदळ थोडी बाजूला चालवा.