भिंतीलाही श्वास हवा

एक कोडं घालते. दगड भाजला की त्याची कळी होते. कळीला पाणी पाजलं की ती रागाने उकळते आणि मग लोण्यासारखी मऊ होते. ते लोणी उघड्यावर ठेवलं, की त्याचा हळूहळू पुन्हा दगड होतो! ओळखा पाहू?

आजीच्या पानाच्या डब्यात डोकावलात तर उत्तर लगेच सापडेल. चुना! डबीचं झाकण उघडं राहिलं की आतला चुना कसा कडक होतो, तेही पाहिलं असेल. त्याच चुन्याच्या जोरावर आपल्याकडचे मोठमोठे वाडे दोनदोनशे वर्षं उभे राहिले. पुण्यातला विश्रामबाग वाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे १८७९ च्या आगीत शेजारचा बुधवार वाडा पार जळून गेला, विश्रामबागेचंही नुकसान झालं, पण तो टिकला. आजही सुरूच्या झाडाच्या आकाराचे त्याचे लाकडी खांब बघायला लोक थांबतात. जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या इंग्रज गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं ते १८२४ साली. म्हणजे हा वाडा उभा राहिला तेव्हा या सिमेंटचा जन्मही व्हायचा होता!

मग आज असा वाडा दुरुस्त करायचा झाला, तर त्याला सिमेंट लावलं म्हणून काय बिघडलं? सिमेंट तर चुन्यापेक्षा मजबूत. इथेच खरी गंमत आहे.

आधी वाडा कसा असतो ते पाहू. खाली दगडी जोतं. त्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा. खांब थेट जमिनीत पुरत नाहीत, तो तळखड्यावर, म्हणजे एका घडीव दगडावर उभा असतो. मधल्या जागेत विटांच्या किंवा मातीच्या हातभर जाड भिंती. या भिंतींचा मोठा शत्रू पाणी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पूर शिरला, तेव्हा मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बघता बघता बसले. पूर रोज येत नाही. ओल मात्र रोज येते, आणि तीही गुपचूप. समईच्या वातीत तेल चढतं ना, तशी जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर ती त्यातून बाहेर पडते आणि वाऱ्यावर उडून जाते. चुन्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. भिंत श्वास घेते म्हणतात, ते यासाठीच.

आता त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवा. रेनकोट घालून क्रिकेट खेळून बघा कधी! बाहेरून थेंब आत येत नाही, पण आतून तुम्ही घामाने चिंब. भिंतीचंही तेच होतं. ओल आत कोंडते. तिच्याबरोबर आलेले क्षार विटांमध्येच साठतात, त्यांचे खडे फुगतात आणि विटेचा भुगा होतो. त्यालाच लोणा लागणं म्हणतात. भिंतीत दडलेली लाकडं कुजतात, ओलीच्या वासाने वाळवी येते. बाहेरून मात्र भिंत गुळगुळीत, झकास! चार-पाच पावसाळ्यांनी गिलाव्याचा पापुद्रा सुटून खाली येतो तेव्हा कळतं, की आत काहीच उरलेलं नाही.

म्हणून जाणता गवंडी थापी हातात घेण्याआधी भिंत वाजवून बघतो. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकतात तसा. खणखणीत आवाज आला तर ठीक. 'बद्द' आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. मग ओल कुठून येते ते शोधायचं. कौल फुटलंय का? पन्हळ तुंबलीय का? न्हाणीघराचं पाणी जोत्याशी मुरतंय का? हे न शोधता केलेली रंगरंगोटी म्हणजे ताप न उतरवता तोंडाला पावडर लावणं. त्यानंतर सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं आणि दरजा साफ करायच्या. घाई केली तर सिमेंटबरोबर वीटही सुटून येते.

चुना तर घाईला मुळीच दाद देत नाही. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो धुसफुसतो. (हा प्रयोग घरी करू नका! अंगावर उडालं तर भाजतं आणि डोळ्यात गेलं तर डोळाच जाऊ शकतो.) असा विरी गेलेला चुना बरेच दिवस पाण्यात मुरवतात. मग त्यात वाळू आणि विटांची भुकटी घालून तो घाणीत दळतात. कुठे गुळाचं पाणी, कुठे बेलफळाचा गर, हिरडा, मेथी किंवा उडीद घालायची रीत आहे. भिंतीला चुना, की भिंतीचा फराळ, असा प्रश्न पडावा! पण गूळ आणि बेलफळाचा चिकटपणा चुन्याला नीट धरून ठेवतो.

गिलावा पातळ थरांनी देतात आणि थर लवकर वाळू नये म्हणून ओली पोती बांधतात. मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीच ही क्रिया. चुन्याला बारीक तडा गेलाच, तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तिथे साचून तो बुजूही शकतो.

सुताराचं काम तर बघत राहावं असं. खांब बहुधा कुजतो तो पायाशी. तेवढ्यासाठी अख्खा खांब फेकायचा नसतो. तुळईला टेकू देऊन वरचा भार पेलायचा, कुजका भाग कापायचा आणि तिथे नवा तुकडा खाच पाडून असा बसवायचा की दोन्ही लाकडं एकमेकांत अडकतील. त्यासाठी चांगलं मुरलेलं सागवान लागतं. ते पुष्कळदा कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याचं असतं. एक वाडा जातो, तेव्हा त्याच्या हाडांवर दुसरा उभा राहतो.

पालकांसाठी दोन शब्द. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. वाड्यात राहणाऱ्यांना गळकं छत आणि चार बिऱ्हाडांत एक संडास ठाऊक असतो. दुरुस्तीचा खर्च घरमालकाने करायचा की भाडेकरूने, या वादात कित्येक भिंती पडल्या. महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस आलेल्या घरात "इतकी वर्षं काही झालं नाही" म्हणत मुलांना झोपवू नये. पण घर दुरुस्त होण्यासारखं असेल, तर स्वस्तात पटकन सिमेंट थापून देणाऱ्याआधी चुन्याचं काम केलेला गवंडी गाठा. तो शोधावा लागेल. हे काम हाताखाली राहून, वर्षानुवर्षं चुना मळून शिकायचं असतं. काम मिळालं नाही, तर तो आपल्या मुलाला स्लॅब आणि टाइल्सच शिकवणार. त्याला दोष कसा द्यायचा?

मुलांनो, सुट्टीत लोहगडावर गेलात तर तिथली चुन्याची घाणी जरूर शोधा. जमिनीत खणलेला गोल चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक, अशी तिची रचना. चाकाला बैल जुंपायचे आणि ते गोल गोल फिरत राहायचे. मग गडाच्या तटाकडे बघा, आणि एवढ्या चुन्यासाठी त्या बैलांनी किती फेऱ्या मारल्या असतील, याचा अंदाज करा.