सुलतानची भावंडं

हवाईतल्या एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या यजमानांना कुत्र्यांची ॲलर्जी. बंगळुरूत कब्बन पार्कात मालकाला ओढत नेणाऱ्या झिपऱ्या, दाढीवाल्या लॅब्राडूडलचं मूळ या घरगुती अडचणीत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन पैदाशीचं काम पाहत. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून त्यांनी तीन वर्षांत ३३ पूडल पारखले. एकही या कामाचा निघाला नाही. अखेर १९८९ मध्ये त्यांनी लॅब्राडोर मादी आणि पूडल नर यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला गेली, आणि एकाच पिल्लाच्या नमुन्याचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. तो सुलतान.

तिघांतला एकच! आईबाप तेच, वेत तेच. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. संकर म्हणजे दोन जातींचं सरसकट मिश्रण नव्हे. प्रत्येक पिल्लासाठी पत्ते नव्याने पिसले जातात.

केसांचंच पाहा. २००९ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की जातिवंत कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या मेळातून होतात: एक लांबीचं, एक कुरळेपणाचं, एक दाढीमिश्यांचं. दाढीच्या जनुकाची एक प्रतही पुरते, त्यामुळे पहिल्या पिढीची पिल्लं दाढीवाली होतात. पण त्यांच्यातलीच दोन जुळवली, की चारांमागे सरासरी एक पिल्लू लॅबसारखं तुळतुळीत तोंडाचं निघतं आणि घरभर केस गाळतं.

शिवाय ॲलर्जी खरी केसांची नसतेच. ती लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांची. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात लॅब्राडूडलच्या केसांवर यातलं मुख्य प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळलं नाही. तेव्हा ‘ॲलर्जी होत नाही’ या जाहिरातीवर पैसे मोजण्याआधी, ज्याला शिंका येतात त्याने त्याच पिल्लाजवळ बराच वेळ बसून पाहावं.

स्वभावाचा धागा मात्र दोन्हीकडून पाण्याकडे जातो. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना जाळी ओढायला मदत करत. पूडल शिकाऱ्याने टिपलेली बदकं तळ्यातून आणून देई. माणसाकडे डोळे लावून काम मागणारी ही दोन घराणी. असं कुत्रं आयटीवाल्या जोडप्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं राहिलं, तर चपला कुरतडणार, भुंकणार. तो दोष त्याचा नव्हे. लॅबच्या बाजूने खादाडपणाही येऊ शकतो: सुमारे एक चतुर्थांश लॅबमध्ये पोट भरल्याची जाणीव बिघडवणारा जनुकीय बदल असतो, हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी शोधलं. आणि पावसात भिजून आल्यावर कानामागे, काखेत बोटं घालून बघा: वरून मऊ दिसणाऱ्या केसांखाली कातडीला चिकटून घट्ट जटा झालेल्या असतात. रोज विंचरायची तयारी नसेल, तर हे कुत्रं आणू नये.

कॉनरन यांना पुढे या निर्मितीचा पश्चात्ताप झाला, कारण मागणी वाढताच कुणीही कशीही पैदास करू लागलं. त्यांची खंत मला पटते. पण मुळात जातीच्या मागे इतकं लागावं का? कुत्र्याचा स्वभाव जातीतून किती येतो? अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जीनोम वाचून २०२२ मध्ये उत्तर मिळालं: कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के. बंगळुरू महापालिकेच्या २०२३ च्या मोजणीत रस्त्यांवर सुमारे २ लाख ७९ हजार कुत्री भरली. त्यांच्यातही सुलतानसारखी शांत, माणसाळू कुत्री असणार, आणि त्यांना घरी न्यायला पैदासकाराच्या यादीत नाव घालावं लागत नाही.