गोष्ट कानाने लिहावी

गोष्ट कुणाला आवडत नाही? लहानांना आवडते, थोरांनाही आवडते. पण 'गोष्ट लिहा' म्हटले की आपण पेन्सिल चावत बसतो. माझेही तसेच व्हायचे. मी काय शिकले ते इथे सांगते.

माझी आजी शाळेत गेलेली नाही. अंगठा उठवते. पण रात्री जेवणं झाली की ती गोष्टी सांगते. दुष्काळात बैल विकावा लागला तेव्हाची तिच्या आईची गोष्ट मला फार आवडते. यंदा आजीला दम लागतो, सांगता सांगता मधेच थांबते. मला भीती वाटली, ही गोष्ट तिच्याबरोबरच जायची. म्हणून मी वही घेऊन बसले.

पहिल्यांदा मी लिहिले, 'माता शोकाकुल झाली.' आजी म्हणाली, "ह्यात माझी आई कुठं हाय गं?" मी गप्पच झाले.

वही बाईंना दाखवली. त्यांनी शंकर पाटलांविषयी सांगितले. ते आपल्याच जिल्ह्यातले, पट्टणकोडोलीचे. जन्म १९२६ सालचा. ते, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर मिळून कथाकथन करीत. पाटलांच्या कथेतली माणसे आपल्या गावात बोलतात तशीच बोलतात. कागलच्या आनंद यादवांना वडील शाळेत जाऊ देत नव्हते. मळ्यात राबून ते शिकले आणि ते सारे 'झोंबी'त लिहिले. त्याला १९९० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. म्हणजे गोष्टीला राजा-राणीच लागते असे नाही.

मग गोष्ट कशी लिहावी?

१. आधी ऐकावे. मधे बोलू नये.
२. आपण सांगतो तो भाग शाळेच्या भाषेत चालेल; पण माणूस बोलला तर त्याच्याच तोंडचे शब्द घालावेत.
३. रोज एक पान वाचावे, चार ओळी लिहाव्यात.
४. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणारा अडखळला की तिथे खोडावे.

मी पुन्हा लिहिले, आजीच्याच शब्दांत: "बैलाचं दावं सुटलं, पर आईचा हात दाव्यावरनं निघंना." या वेळी आजीने पदराने डोळे पुसले.

कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिलाच. म्हातारपणी त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा ते तोंडाने सांगत आणि दुसरे लिहून घेत. हे ऐकून आजी हसली. म्हणाली, "म्हंजे त्ये बी माझ्यावानीच की!"

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी माणसे आहेत. आणि भिंतीपाशी उभे राहून हे वाचणाऱ्या आई-वडिलांना एक विनंती. आज रात्री टी.व्ही. थोडा वेळ बंद ठेवा आणि तुमच्या लहानपणची एक गोष्ट सांगा. लिहायचे काम आमच्याकडे. माझ्या आजीच्या अजून पुष्कळ राहिल्या आहेत. मी रोज बसते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी